टेलचा कागद : खडकवासल्याच्या पाण्याच्या ताळेबंदाच्या नोंदी

12 जानेवारी 2025

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं भरकटायला नको. पुणे महापालिका आणि जलसंपदा खातं (माहेरी अजून सगळे 'इरिगेशन'च म्हणतात) यांच्यात खडकवासल्याच्या पाण्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला आहे. त्यातले आकडे एका मोठ्या कागदावर, एकाच बाजूला मावतील असे मांडायचे. कागद आमच्या गावातल्या सोसायट्यांच्या फेडरेशनला समजला पाहिजे आणि इंदापूर तालुक्यातल्या माझ्या भावाच्या पाणीवापर संस्थेलाही. दोघांनी वाचून 'आकडे कबूल' एवढं लिहून सही करावी. वाद मिटवणं हे या कागदाचं काम नाही. निदान भांडण एकाच आकड्यांवर व्हावं.

हे मी अंगावर घेतलं त्याला कारण आहे. मी 31 वर्षं शाळेत गणित शिकवलं. माहेरची जमीन नव्या मुठा उजव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आहे, आणि आता राहते ते गाव 2017 साली महापालिकेत घेतलेल्या 11 गावांपैकी एक. तिकडं आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सगळ्यांत शेवटी येतं, इकडं नळ सगळ्यांत शेवटी. भाऊ म्हणतो पुण्यानं आमचं पाणी प्यायलं. शेजारी म्हणतात धरण भरलंय, मग पाणी जातं कुठं? दोघंही मला जवळचे आहेत आणि दोघांचीही तक्रार खरी आहे, म्हणून झोप लागत नाही.

कागदाची पहिली चार घरं भरली, खडकवासला साखळीतल्या चार धरणांच्या साठ्याची. टेमघर 3.71, वरसगाव 12.82, पानशेत 10.65, खडकवासला 1.97. बेरीज 29.15 टीएमसी (अब्ज घनफूट). एवढ्यावर तरी कुणाचा वाद नाही.

19 जानेवारी

अख्खा रविवार एककांत गेला. पण आता वाटतं, निम्मं भांडण इथंच आहे.

महापालिका बोलते 'एमएलडी'त, म्हणजे रोज किती दशलक्ष लिटर. इरिगेशन बोलतं वर्षाच्या टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. शेतकरी बोलतो आवर्तनात: कालवा किती क्यूसेकनं (सेकंदाला किती घनफूट) किती दिवस चालला आणि आपल्या चारीला, म्हणजे शेताकडं येणाऱ्या फाट्याला, पाळी कितव्या दिवशी आली. तिघं एकाच खोलीत बसले तरी तीन वेगळ्या गोष्टींवर बोलतात.

कागदाच्या डाव्या कडेला हा तक्ता टाकणार:

1 टीएमसी म्हणजे 28.32 दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे 2,832 कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरांत मोजलं तर 28 लाख 32 हजार टँकर. आणि भावाच्या भाषेत, कालवा 1,000 क्यूसेकनं साडेअकरा दिवस वाहिला की 1 टीएमसी.

भावाला फोनवर हे शेवटचं सांगितलं तर गप्प झाला. मग म्हणाला, "आक्का, हे कुणी आधी का सांगितलं न्हाई? टीएमसी म्हणलं की आमाला वाटायचं लई मोठं कायतरी आसंल. साडेअकरा दिवस म्हणजे एक पाळी बी धड न्हाई." त्याच्या संस्थेच्या खोलीत हेच वाक्य फळ्यावर लिहायला सांगितलं.

29 जानेवारी

कागदाचं काम बाजूला राहिलं. सिंहगड रस्त्याकडं जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढत आहेत. हातापायांतली शक्ती जाते, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी ही नावं रोज पेपरात आहेत. ही सगळी महापालिकेत घेतलेली गावं आहेत, काही 2017 साली आणि काही 2021 साली.

मला सतावतंय ते नकाशावरचं अंतर. यातली बरीच गावं खडकवासला धरणाच्या अगदी पायथ्याशी आहेत. मी आजवर धरून चालले होते की हाल टेलचे होतात आणि हेडला, म्हणजे पाण्याच्या तोंडाशी, सुख असतं. पण या भागाला नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीतून पाणी जातं, तेही गाळून शुद्ध केलेलं नाही, फक्त क्लोरीन टाकलेलं. धरण घरातून दिसतं आणि पर्वतीच्या जलशुद्धीकरण केंद्रातलं पाणी मात्र मिळत नाही.

कागदात 'किती' बरोबर 'कसलं' असाही रकाना घालते. जागा नव्हती, मथळा लहान केला.

9 फेब्रुवारी

आज वादाचा गाभा. कुठलं वर्ष घ्यायचं यावर दोन आठवडे अडले होते. शेवटी 2018-19 ठरवलं. त्या वर्षी दोन्ही बाजूंचं म्हणणं कागदावर आलं, आणि तेव्हा भामा आसखेड या दुसऱ्या धरणाचं पाणी पुण्यात आलेलं नव्हतं, त्यामुळे सगळी बेरीज खडकवासला साखळीपुरती राहते.

महापालिकेचा मंजूर कोटा वर्षाला 11.5 टीएमसी. तो 365 दिवसांत वाटला की रोज 892 एमएलडी. प्रत्यक्ष उचल होती 1,350 एमएलडीच्या घरात, म्हणजे वर्षाला 17.4 टीएमसी. फरक 5.9. कालव्याच्या हिशेबात हजार क्यूसेकची 68 दिवसांची पाळी. भावाचं गाव ज्याला 'पुण्यानं प्यायलं' म्हणतं ते हे 68 दिवस.

मग डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापुढं आकडा आणखी खाली आला: 8.19 टीएमसी, म्हणजे रोज 635 एमएलडी. हा आकडा आला कुठून ते मी उलटं करून पाहिलं. माणशी 135 लिटर, त्यावर 15 टक्के गळती धरून 155. 635 दशलक्षला 155 नं भागलं की साधारण 41 लाख माणसं. म्हणजे खरा वाद लिटरचा नाहीच, डोक्यांचा आहे. 2011 च्या जनगणनेत पुणे महापालिका 31 लाख 24 हजार. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. गावं वाढली, कामाला आणि शिकायला येणारी माणसं वाढली, दोन कॅन्टोन्मेंटांनाही महापालिकाच पाणी देते. महापालिका म्हणते ही सगळी मोजा. खातं म्हणतं पुरावा द्या. आणि ज्या मोजणीनं पुरावा मिळाला असता, ती मोजणी देशातच झालेली नाही.

याच वादात जानेवारी 2019 मध्ये खात्याची माणसं पोलीस बंदोबस्तात गेली आणि महापालिकेचे पंप बंद केले. वरून सूत्रं हलल्यावर ते पुन्हा सुरू झाले. एका सरकारी यंत्रणेनं दुसरीचं पाणी बंदोबस्त लावून तोडलं, हे वाचताना पोटात कालवलं. त्या दिवशी दोन्हीकडच्या खुर्च्यांत बसलेली माणसं पुण्यातच राहत असणार आणि तेच पाणी पीत असणार.

भागाकार पुढं नेला. 1,350 एमएलडी माणशी 155 लिटरनं 87 लाख माणसांना पुरावं. एवढी माणसं तेव्हाच्या पुण्यात कुठल्याही मोजणीनं बसत नाहीत. मग पाणी जातं कुठं, हा शेजाऱ्यांचा प्रश्न शहाणपणाचाच आहे.

10 फेब्रुवारी

कालचं उत्तर आज मिळालं, आणि ते महापालिकेच्याच म्हणण्यात होतं. ती स्वतः गळती 35 ते 40 टक्के सांगते. 1,350 चे 40 टक्के 540. वर्षाचे 7 टीएमसी, थोडे कमीच.

जादा उचल 5.9, गळती 7. गळतीच्या घरात जादा उचल अख्खी मावते.

हे मी लाल शाईनं लिहिलं होतं, मग पुसून काळ्यानं लिहिलं. लाल शाई म्हणजे निकाल झाला, आणि निकाल देणं माझं काम नाही. शिवाय 'गळती' या शब्दात बरंच काही कोंबलेलं आहे. सगळं पाणी फुटक्या नळातून जमिनीत जातं असं नाही. बिनमीटरची जोडणी, चोरून घेतलेली जोडणी, टाकी भरून वाहणं, हे सगळं त्यातच येतं. म्हणून कागदावर 'गळती व हिशेबाबाहेरचं पाणी' असं लिहिलं.

21 फेब्रुवारी

एका कार्यालयात माहिती अधिकारात मागितलेलं उत्तर घ्यायला तिसऱ्यांदा गेले. मागितलं होतं मीटरच्या नोंदींचं, मिळालं मंजुरीच्या पत्राची झेरॉक्स. खिडकीतल्या मुलीनं पाणी विचारलं, बसायला खुर्ची दिली. ती चांगली होती. पण कागद मिळाला नाही. अपिलाची तारीख वहीत घातली.

2 मार्च

आमच्या घरचा रकाना. इथं पाण्याची जबाबदारी कुणाची हे ठरवायला एक रविवार पुरला नाही.

ग्रामपंचायत होती तेव्हा विहीर होती, बोअर होते, उन्हाळ्यात टँकर. 2017 ला 11 गावं आत आली, 2021 ला आणखी 23. मिळकतकर महापालिकेचा सुरू झाला. पण 2021 च्या 23 गावांत नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) राहिली. इमारतीला परवानगी एकानं द्यायची आणि नळ दुसऱ्यानं. परवानगीच्या वेळी बिल्डर लिहून देतो की महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवू. पुढं तो निघून जातो आणि टँकरचं बिल सोसायटीच्या माथी येतं. फेडरेशनच्या बैठकीत सात सोसायट्यांनी असा कागद दाखवला. सातही कागदांत मजकूर जवळपास सारखाच.

फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं तर आणखी वेगळं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या शिवारात पडला, विहिरी नासल्या. 2017 ला ती गावं महापालिकेत घेतली आणि 2024 ला बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद केली. सात वर्षांत तीन कारभारी. जी जलवाहिनी पहिल्याच्या काळात आखायची, ती दुसऱ्याच्या काळात खणायची आणि पाणी तिसऱ्यानं सोडायचं, असं झालं तर प्रत्येक जण बोट मागच्याकडं दाखवणार. आमच्या कॉलनीतही तेच. चावीवाला भला माणूस आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे येतो, पण त्याच्या हातात फक्त चावी. टाकीत पाणी किती सोडायचं ते त्याच्याही वरती कुणीतरी ठरवतं.

16 मार्च

मोठी चूक सापडली, आणि ती भावानं काढली.

महापालिकेच्या बाजूला मी 'परत केलेलं पाणी' असं घर केलं होतं. महापालिका आणि खात्याच्या करारात असं होतं की महापालिका सांडपाणी शुद्ध करून वर्षाला 6.5 टीएमसी शेतीला परत देईल, आणि त्या बदल्यात धरणातलं पाणी घेईल. मुंढव्याला जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) बांधलं. तिथून पाणी उचलून साडेसतरा नळीजवळ जुन्या बेबी कालव्यात सोडतात आणि ते हवेली, दौंडकडं जातं. मी ते 6.5 सरळ वजा केलं होतं. कागदावर पुण्याची उचल एकदम सभ्य दिसू लागली.

भावानं विचारलं, "त्यातून प्यायचं पानी घेत्यात का?" नाही. "तुझ्या टाकीत सोडलं तर चालंल का?" नाही. "मग एका रकान्यात कसं धरलंस? बेबी कॅनॉलवरच्या आपल्या पावन्याला इचार, त्या पान्याचा वास कसा येतो. जमिनीवर फेस राहतोय."

बरोबर आहे त्याचं. शाळेत मुलांना सांगायचे, शेर आणि गज यांची बेरीज करू नका, आणि इथं स्वतःच केली. दोन पाणी वेगळ्या रकान्यांत घातले, आणि 'कसलं' या रकान्यात 'शुद्धीकरण अपुरं, तक्रारी' असं लिहिलं.

याच ओघात उजनी धरणाचं आठवलं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. एप्रिल 2021 मध्ये त्यातलं 5 टीएमसी 'सांडपाणी' म्हणून इंदापूरला द्यायचा निर्णय झाला. सोलापूर जिल्हा पेटला: उजनी आमची आहे, आमच्या वाट्यातलं पाणी नाव बदलून उचलता? महिनाभरात निर्णय मागे घ्यावा लागला. तेव्हा आमच्या गावात फार वाईट वाटलं होतं. आज ताळेबंद मांडताना सोलापूरकरांचा मुद्दा पटतो. मुंढव्याला परत दिलं म्हणून मोजलेलं पाणी आणि उजनीत पोचलं म्हणून मोजलेलं पाणी हे एकच पाणी असेल, तर ते दोनदा जमेला धरता येणार नाही. आणि सोलापूर शहर तर तेच पितं.

भावाला हे सांगितलं नाही अजून. सांगावं लागेल.

23 मार्च

बोगद्याचा विषय थोडक्यात. खडकवासला ते फुरसुंगी असा 28 किलोमीटरचा बोगदा, खर्च 2,190 कोटी, 2024 मध्ये मंजूर. शहराच्या मधून जाणारा उघडा कालवा बंद होईल आणि बाष्पीभवन, पाझर, चोरी मिळून सुमारे 2 टीएमसी वाचेल असं सांगतात.

कालवा शहरातून जाणं धोक्याचं आहेच. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ तो फुटला आणि भर दिवसा शेकडो झोपड्यांत पाणी शिरलं. त्याही वेळी भराव कुणी पोखरला, केबलसाठी कुणी खणलं, देखभाल कुणाची, यावर दोन यंत्रणांचं एकमेकांकडं बोट. मी दुसऱ्या दिवशी तिथं शाळेची मुलं घेऊन जुने कपडे द्यायला गेले होते. एक बाई चिखलातून रेशनकार्ड शोधत होती.

पण बंद नळाबद्दल गावात भीती आहे, आणि तीही खोटी नाही. मावळात पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं तेव्हा 9 ऑगस्ट 2011 ला द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला. तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई. त्या योजनेवरची स्थगिती 2023 पर्यंत राहिली. उघड्या कालव्यातून, नदीतून पाणी जाताना दिसतं, विहिरीला पाझर मिळतो, प्रसंगी चार बादल्या काढता येतात. नळात गेलं की ते फक्त ज्याच्या नावावर आहे त्याचं. वाचलेल्या 2 टीएमसीपुढं 'कुणाला' असा रकाना मी केलाय. तो कोरा आहे.

5 एप्रिल, माहेरी

उन्हाळ्याचं आवर्तन सुटून 19 दिवस झाले आणि पाणी आज पहाटे आमच्या चारीला आलं. नियम टेल टू हेड आहे: आधी शेवटच्याला, मग वर सरकत यायचं. अण्णा असताना पाटकरी (पाणी वाटणारा खात्याचा माणूस) सायकलवर पुढं यायचा, दारं तपासायचा, मागून पाणी. आता पाटकऱ्याच्या जागाच भरलेल्या नाहीत. वरच्या अंगाला कालव्याच्या कडेनं मोटारी लागतात, आणि त्या लावणारेही आमच्यासारखेच, उसाला एक पाणी कमी पडलेले.

मोजमाप केलं. चारीवर मीटर नाही, म्हणून जुनी तरंगत्या वस्तूची पद्धत. अस्तर केलेला सरळ भाग निवडला, 20 मीटरवर दोन दोऱ्या आडव्या बांधल्या. तळाची रुंदी 60 सेंटिमीटर, पाण्याची खोली 38, पाण्याच्या पृष्ठावर रुंदी 1.36 मीटर. छेद 0.37 चौरस मीटर. भाच्यानं मोसंबं सोडलं, मी घड्याळ धरलं. सात फेऱ्या. एक मोसंबं गवतात अडकलं, ती फेरी धरली नाही. सहांची सरासरी 41 सेकंद. पृष्ठावरचा वेग सेकंदाला 0.49 मीटर, त्याला 0.85 नं गुणून खरा वेग 0.415. विसर्ग 0.154 घनमीटर, म्हणजे साडेपाच क्यूसेकला थोडं कमी.

संस्थेच्या कागदावर 9 क्यूसेक आहे.

भाऊ काही बोलला नाही. डाळिंबाच्या बागेत जाऊन दारं धरायला लागला. रात्रभर चांदण्यात वाफ्यांना पाणी फिरत होतं. मी बांधावर बसले होते. लहानपणी अण्णांबरोबर अशीच बसायचे, कंदील मी धरायचा आणि फावडं त्यांच्या हातात. पाणी कोरड्या मातीत शिरताना जो आवाज होतो, तो मला पुण्यात कधीकधी स्वप्नात येतो.

9 एप्रिल

चारीचं पाणी आज पहाटे बंद झालं. चार दिवस मिळालं. साडेपाच क्यूसेकनं चार दिवस म्हणजे जवळपास 5 कोटी 34 लाख लिटर. आमच्या चारीवरच्या सगळ्या शेतांचं एका आवर्तनाचं पाणी हे.

सहज म्हणून 2018-19 च्या उचलीशी भागून पाहिलं. 1,350 एमएलडीनं शहर एवढं पाणी 57 मिनिटांत उचलत होतं.

हा आकडा कागदावर घालायचा का, यावर रात्रभर विचार केला. खरा आहे, पण भडकवणारा आहे. एका बाजूला एक चारी आणि दुसऱ्या बाजूला अख्खं शहर, ही तुलना न्यायाची नाही. वगळला. इथं मात्र लिहून ठेवते, कारण मला तो विसरायचा नाही.

30 एप्रिल

दुसऱ्या टेलची मोजणी. आमच्या सोसायटीत 96 घरं. महिनाभर वॉचमनकडं वही ठेवली होती, प्रत्येक टँकरला एक रेघ. एप्रिलमध्ये 131 टँकर, दहा-दहा हजार लिटरचे. दर 1,100 रुपये. एकूण 1,44,100. घरटी दिवसाला 455 लिटर, चार माणसं धरली तर माणशी 114. नळाचं पाणी त्या महिन्यात फक्त पाच वेळा आलं, आणि तेही तळटाकीला मोजण्याइतकं नाही.

टँकर भरतो कुठून? चालक म्हणाला विहिरीतून. कुठली विहीर? आसपासच्या गावातली. म्हणजे शेताचीच. 'कसलं' या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकलं आणि दोन घरांतलं पाणी तपासायला दिलं.

पूर्वेकडच्या काही भागांचं दुखणं भामा आसखेडनं कमी झालं. खेड तालुक्यातल्या धरणातून 2.64 टीएमसी, रोज साधारण 200 एमएलडी, जानेवारी 2021 पासून. तिथंही धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी कितीदा काम अडवलं. वडगाव शेरीला राहणारी माझी मैत्रीण म्हणते, आता टँकर बंद झाला. मी तिला विचारलं, ते पाणी कुठून येतं माहीत आहे का? ती म्हणाली, "पर्वतीवरून ना?"

11 मे

दोन्हीकडच्या माणसांची बैठक, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. इंदापूरहून नऊ जण जीपनं आले. आमच्याकडचे 22. कागद भिंतीवर लावला. पोहे, चहा. पिण्याचं पाणी टँकरचंच होतं आणि ते सांगूनच दिलं.

पहिला वाद एका शब्दावरून. मी 'मंजुरीपेक्षा जास्त उचल' असं लिहिलं होतं. भावाच्या संस्थेचे एक आजोबा म्हणाले, "चोरी लिहा." फेडरेशनचे सचिव उठून उभे राहिले: "आम्ही कर भरतो, आम्हाला थेंब मिळत नाही, आणि चोर आम्ही?" हॉलमध्ये एकदम आवाज चढले. मी टँकरची वही आजोबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून रेघा मोजल्या, बोट फिरवत, पान उलटत. मग वही मिटून म्हणाले, "तुमचं बी टेलच हाय की."

त्यानंतर बोलणं दुसऱ्या रुळावर गेलं. तांत्रिक प्रश्न आले, चांगले आले. 'पिण्याचं पाणी आधी' हा नियम दोघांनाही लागतो हे इंदापूरच्या मंडळींनी मांडलं: दौंड शहर याच कालव्याच्या पाण्यावर आहे, इंदापूरसाठी तरंगवाडीचा तलाव याच कालव्यानं भरतात. म्हणजे कालव्यात सोडलेलं सगळं पाणी शेतीचं असं पुणेकरांनी धरू नये. हा रकाना माझ्या डोक्यातच आला नव्हता. तिथल्या तिथं पेन्सिलनं आखला. आमच्याकडच्या एका तरुण इंजिनिअरनं विचारलं की महापालिका धरणाच्या तोंडाशी मोजते की जलशुद्धीकरण केंद्रात, आणि इरिगेशन कुठं? दोघांची मोजायची जागा एक नसेल, तर दोघांचे मीटर चोख असूनही आकडे जुळणार नाहीत. त्यालाच तो रकाना दिला.

उजनीचं मी शेवटी सांगितलं. पाणी दोनदा जमेला धरता येणार नाही म्हटल्यावर भावाचा चेहरा उतरला. बाहेर जाऊन उभा राहिला. जीप निघताना म्हणाला, "गणित तुझं बरोबर आसंल, आक्का. पर माझी बाग त्यात बसत न्हाई." मला उत्तर सुचलं नाही. त्याच्या पिशवीत आंबे ठेवले.

सह्या: आमच्याकडच्या 22 पैकी 17, त्यांच्या 9 पैकी 6. आजोबांनी केली. भावानं केली नाही.

18 मे

अपिलात उत्तर आलं. मीटरच्या नोंदी मिळाल्या, पण तीनच महिन्यांच्या, आणि त्यातल्या एका महिन्यात मीटर बंद. तेवढ्या जशाच्या तशा परिशिष्टात. बंद महिन्याची जागा रिकामी ठेवली, सरासरीनं भरली नाही.

पाण्याच्या तपासणीचा अहवालही आला. दोन घरांपैकी एकात जंतू निघाले. फेडरेशननं त्या टँकरवाल्याला थांबवलं आणि प्रत्येक सोसायटीत क्लोरीन तपासायचं साधं किट ठेवायचं ठरलं. या कामातून आतापर्यंत प्रत्यक्षात घडलेली ही एकच गोष्ट, आणि ती कागदावरच्या सगळ्यांत उशिरा घातलेल्या रकान्यातून निघाली.

27 मे

पाऊस यंदा फार लवकर आला. मान्सून काल पुण्यात पोचल्याचं जाहीर झालं. इंदापूर, बारामती, दौंडला गेले दोन दिवस नुसता धो धो. ज्या भागात मे महिन्यात जनावरांना छावणी शोधतात, तिथं रस्ते वाहून गेले, घरांत पाणी शिरलं.

सकाळी सहाला भावाचा फोन. चारी काठोकाठ भरून वाहतेय आणि ते पाणी कालव्याचं नाही, रानातलं आहे. आम्ही बांधलेल्या दोन दोऱ्यांपैकी एक वाहून गेली. बागेत गुडघाभर पाणी, डाळिंबाची फुलं गळताहेत. मी म्हटलं येते. म्हणाला, "रस्ता बंद हाय, थांब. आन् तो कागद हाय का तुझ्याजवळ? आज चारीतनं किती चाललंय ते लिहून ठीव, मी खोली सांगतो. बावन्न सेंटिमीटर. वेग मोजायला मोसंबं न्हाई, रिकामी बाटली सोडलीय."

बाटली 20 मीटरला 22 सेकंद. छेद 0.58, वेग 0.77, विसर्ग 0.45 घनमीटर. सोळा क्यूसेकला जरा कमी. सहीच्या जागेवर पेन्सिलनं त्याचं नाव घातलं आणि पुढं लिहिलं: मोजणी, 27 मे, सकाळी 6.20.

दुपारपर्यंत आमच्याकडं लाइट नव्हती. नळाला पाणी आलं नाही. टँकर दोन आले.